दहा दिवसांनंतर उशीर फुकट



विद्यापीठाच्या इमारतीचा गुत्ता आणि आपली कोरडवाहू कपाशी-ज्वारी यांचा काय संबंध, असे कुणीही विचारील. मेळाव्याच्या अंकात भावाचे लिहा, विम्याचे लिहा, गुत्तेदाराचे करारनामे आम्हाला कशाला वाचायला लावता, असेही म्हणेल. म्हणून आधी संबंध सांगून टाकू.

परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. बीडसह साऱ्या मराठवाड्याची शेती त्याच्या कार्यक्षेत्रात येते. अंबाजोगाईचे कृषी महाविद्यालय त्याचेच, तिथले सीताफळ संशोधन केंद्रही त्याचेच. स्थापनेच्या दिवशी, १८ मेला, परभणीत खरिपाचा मेळावा भरतो आणि विद्यापीठाचे बियाणे विक्रीला निघते. रब्बीचा मेळावा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, म्हणजे १७ सप्टेंबरला. ज्वारीच्या पिशवीसाठी भल्या पहाटे रांगेत उभे राहिलेले लोक हा अंक वाचत असतील. ते बी पिकते शेतात हे खरे, पण चाळले जाते, प्रतवारी होते, उगवण तपासली जाते आणि पिशवीत भरले जाते ते छपराखाली. ते छप्पर, ती प्रयोगशाळा, ते गोदाम, आणि आपली पोरे जिथे राहून शिकतात ते वसतिगृह, हे सगळे कुठल्या ना कुठल्या गुत्तेदाराने कुठल्या ना कुठल्या मुदतीत बांधायचे कबूल केलेले असते. मुदत टळली की काय होते, एवढाच आजचा विषय आहे. कुठल्या एका इमारतीवर किंवा अधिकाऱ्यावर बोट ठेवायचा आमचा हेतू नाही. आम्हाला बोट ठेवायचे आहे ते करारनाम्यातल्या एका कलमावर.

सार्वजनिक बांधकाम खात्याचा ‘ब-१’ नावाचा छापील करारनामा आहे. राज्यातली सरकारी आणि विद्यापीठांची बहुतेक बांधकामे याच धर्तीच्या करारावर दिली जातात. त्याचे दुसरे कलम उशिराच्या भरपाईचे. कलमाचा आशय असा: काम ठरल्या तारखेला सुरू झाले नाही किंवा संपले नाही, तर दर दिवसाला कामाच्या अंदाजपत्रकी किमतीच्या एक टक्का, किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील ती त्याहून कमी रक्कम, भरपाई म्हणून कापावी. एकूण भरपाई मात्र अंदाजपत्रकी किमतीच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. शिवाय चौथाई मुदतीत चौथाई काम, निम्म्या मुदतीत निम्मे, पाऊण मुदतीत पाऊण काम झाले पाहिजे, अशी पायरीही घातलेली आहे. वाचायला कलम कडक आहे. दिवसाला एक टक्का! सावकारही एवढे मागत नाही.

आता पाटी-पेन्सिल घ्या. दहा कोटींची इमारत. एक टक्का म्हणजे दिवसाला दहा लाख. दहाव्या दिवशी एक कोटी झाले, दहा टक्के भरले, मर्यादा संपली. अकराव्या दिवसापासून पुढे काय? काही नाही. अकरा दिवस उशीर करणारा आणि पाचशे दिवस उशीर करणारा, दोघांचा दंड एकच. म्हणजे कलम पूर्ण जोराने लावले तर पहिल्या दहा दिवसांत गुत्तेदार मोडतो आणि त्यानंतर त्याला उशीर फुकट आहे. काम टाकून पळण्यावाचून त्याला मार्ग उरत नाही, आणि काम टाकलेली इमारत उभी करणे हे नवीन इमारतीपेक्षा अवघड. हे अभियंत्याला ठाऊक असते. म्हणून तो एक टक्का लावत नाही. मग ‘किंवा त्याहून कमी’ हे तीन शब्द कामाला येतात. त्या तीन शब्दांत सगळा बाजार भरतो. कमी म्हणजे किती कमी, याला खालची मर्यादा नाही. उद्या एखाद्याने दहा कोटींच्या कामाला दिवसाला पाचशे रुपये दंड ठरवला तर तोही कलमात बसतो. वर्षभर उशीर झाला तर होतात १ लाख ८२ हजार ५०० रुपये. दहा कोटींवर शेकडा अठरा पैसे.

पाचशे रुपयांचा आकडा आम्ही मुद्दाम घेतला. आपल्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडीने एक दिवस फड चुकवला की त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा एका खाड्याला पाचशे रुपये हा आकडा वर्तमानपत्रांतून छापून आला होता. दिवसभर तोडून जेवढे मिळत नाही तेवढा दंड. त्या दंडाला छापील कलम नाही, मुदतवाढीचा अर्ज नाही, दहा टक्क्यांची मर्यादा नाही. पाळी आली म्हणून सूट नाही. आणि तो कधी माफ झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

शेतकऱ्याचेही तेच. पीककर्ज ठरल्या तारखेच्या आत फेडले तर केंद्राची ३ टक्क्यांची सवलत, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून तीन लाखांपर्यंतचे कर्ज बिनव्याजी. हा आपला वेळेवर काम केल्याचा बोनस. पण तारीख एका दिवसाने चुकली की थोडीशी सवलत कमी होत नाही, सगळीच जाते. तिथे ‘अधीक्षक ठरवतील ती कमी रक्कम’ नाही. कापसाला बाजार नव्हता, केंद्र बंद होते, चुकारे आले नव्हते, ही कारणे बँकेच्या खिडकीपाशी चालत नाहीत. उलट सरकारकडून उशीर झाला की दर कसे बदलतात पाहा. मनरेगात मजुरी पंधरा दिवसांत मिळाली नाही तर सोळाव्या दिवसापासून दररोज ०.०५ टक्के भरपाई ठरली होती. तीनशे रुपये मजुरीवर दिवसाला पंधरा पैसे. पंधरा पैशांचे नाणे टाकसाळही पाडत नाही.

हे सगळे सांगण्यात गुत्तेदाराला फासावर चढवा असा सूर नाही. उलट आमचे म्हणणे असे की हा दंड चुकीच्या हिशेबाने बांधलेला आहे, म्हणून तो वसूल होत नाही. दंड कामाच्या किमतीवर ठरवला आहे. तो उशिराने होणाऱ्या नुकसानीवर ठरायला हवा. किमतीचा आणि नुकसानीचा काही संबंध नाही. दहा कोटींचे प्रशासकीय भवन वर्षभर लांबले तर साहेब जुन्या खोलीत बसतील, आणखी काय होईल? चाळीस लाखांचे बियाणे गोदाम महिनाभर लांबले तर मात्र हजारो एकरांवर परिणाम होऊ शकतो.

इथे आमच्यातल्या कृषी पदवीधराला थोडे बोलू द्या. शेतात दिवस सारख्या वजनाचे नसतात. कोरडवाहू कपाशी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस पडला की लागते. १५ जुलैनंतर लावलेल्या कपाशीचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. झाड वाढायच्या वेळेला पाऊस आवरतो आणि बोंडे भरायच्या वेळेला ओल नसते. रब्बी ज्वारीचा पेरा साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. आधी पेरली तर खोडमाशी पोंगे मारते, फार उशिरा पेरली तर जमिनीतली ओल उडून गेलेली असते. मालदांडी हुरड्याला येते ती त्या महिनाभरात साठवलेल्या ओलीवर. आता बियाणे प्रक्रियेची इमारत घ्या. ती १० मेच्या ऐवजी १० जूनला मिळाली तर उशीर एक महिना. ती १० नोव्हेंबरच्या ऐवजी १० डिसेंबरला मिळाली तर उशीर तोच एक महिना. करारनाम्याच्या दृष्टीने दोन्ही महिने सारखे. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिल्या महिन्यात एक अख्खा हंगाम गेला आणि दुसऱ्यात काहीच गेले नाही. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण शेतकऱ्यानेच केलेली आहे. झोपा किती दिवस उशिरा झाला याला महत्त्व नाही. बैल जायच्या आधी झाला की नंतर, एवढेच बघायचे.

म्हणून कृषी विद्यापीठाच्या बांधकामाला दिवसाच्या टक्केवारीचा दंड पुरेसा नाही. तारीख हंगामाची हवी. जी इमारत खरिपाच्या बियाण्याला लागते तिची कसोटी १८ मे, जी रब्बीला लागते तिची १७ सप्टेंबर. विद्यापीठ स्वतःच हे दोन दिवस साजरे करते, तेव्हा तारखा शोधायला दूर जायला नको. वसतिगृहाची तारीख म्हणजे नव्या वर्गाच्या प्रवेशाचा दिवस. त्या दिवसाच्या आधी आठवडाभराची चूक झाली तर किरकोळ दंड ठीक, पण तो दिवस ओलांडला की एका झटक्यात मोठी रक्कम, आणि दुसरा हंगाम ओलांडला की आणखी एक झटका. मग अकराव्या दिवसानंतर उशीर फुकट राहणार नाही, आणि पहिल्या दहा दिवसांत माणूस मोडणारही नाही.

दंड कुणाच्या खिशात जातो हा दुसरा प्रश्न, आणि तो कुणी विचारतच नाही. आज दंड कापला तरी तो विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या खात्यात राहतो. नुकसान मात्र तिसऱ्याचेच झालेले असते. हिशेबापुरते धरा: शंभर पोरींचे वसतिगृह एक शैक्षणिक वर्ष लांबले. गावात खोली घेऊन राहायला महिन्याला पंधराशे जास्तीचे लागले तर दहा महिन्यांत एका पोरीमागे पंधरा हजार, शंभर पोरींचे पंधरा लाख. हे पंधरा लाख शंभर बापांनी भरले. त्यातल्या कुणी शेळ्या विकल्या असतील, कुणी उचल घेतली असेल. आणि ज्या बापाला ते जमले नाही त्याने पोरीला घरी बोलावून घेतले. तिचा हिशेब कुठल्या मोजमाप पुस्तकात येत नाही. आमची मागणी सरळ आहे: वसतिगृहाच्या उशिराचा दंड त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या भाड्याला द्या. मग दंड माफ करताना सही करणाऱ्याचा हात जड होईल, कारण माफी कुणाच्या जिवावर होते आहे ते नावानिशी दिसेल.

आम्ही स्वतः एका शेतकी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा माती परीक्षणाची प्रात्यक्षिके पत्र्याच्या शेडमध्ये केली. नवी प्रयोगशाळा समोर दिसायची, पाड बांधलेली, दारे न बसवलेली. आमची तुकडी बाहेर पडली तरी ती तशीच होती. त्या उशिराची भरपाई कुणाला मिळाली, हे विचारायचे असते हेच तेव्हा कुणाला सुचले नाही.

आता बोनसकडे वळू. बोनस हा शब्द कापूसवाल्यांना नवा नाही. १९७२ पासून पुढे तीस वर्षे एकाधिकार खरेदीच्या काळात आधी हमीभाव, मग अग्रिम बोनस, मग अंतिम बोनस, अशा हप्त्यांत कापसाचे पैसे यायचे, आणि कधी कधी यायचेच नाहीत. आपलाच माल, आपलेच पैसे, आणि नाव बोनस. म्हणून बोनस म्हटले की आपले कान टवकारतात, ते योग्यच आहे.

बांधकामातला बोनस वेगळा. मुदतीआधी काम संपवले तर जादा रक्कम. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात असे कलम आहे: मुदतीच्या आधी जेवढे महिने, तेवढे टक्के, पण निविदा रकमेच्या पाच टक्क्यांपुढे नाही. जगात याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण अमेरिकेचे. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला आणि सांता मोनिका महामार्गावरचे पूल पडले. रस्ता बंद राहिल्याने दिवसाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त नुकसान होते, असा सरकारचा अंदाज होता. करार केला: १४० दिवसांची मुदत, जेवढे दिवस उशीर तेवढ्या दिवसांना दोन लाख डॉलर दंड, जेवढे दिवस आधी तेवढ्या दिवसांना दोन लाख डॉलर बोनस. सी. सी. मायर्स या कंपनीने रात्रंदिवस काम करून ६६ दिवसांत पूल दिला. ७४ दिवस आधी. बोनस १ कोटी ४८ लाख डॉलर, जवळजवळ मूळ कराराच्या रकमेएवढाच. तिथे ओरड झालीच. पण हिशेब बघा: दिवसाला दहा लाखांचे नुकसान वाचवायला दिवसाला दोन लाख दिले. दर पुलाच्या किमतीवरून निघालेला नव्हता, लोकांच्या नुकसानीवरून निघाला होता.

त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आपल्या शेजारी किल्लारीचा भूकंप झाला होता. आपल्यातले कितीतरी जण मदतीला गेले होते. जागतिक बँकेच्या कर्जातून लातूर-उस्मानाबादची ५२ गावे नव्या जागी बांधायला घेतली, आणि कित्येक कुटुंबांनी वर्षानुवर्षे पत्र्याखाली काढली. पुनर्वसनाचा तो कार्यक्रम १९९८ पर्यंत चालला. एक पूल आणि ५२ गावे यांची तुलना सरळ होत नाही हे आम्हालाही कळते; गाव कुठे वसवायचे यावर गावातच एकमत व्हायला महिने जातात. तरी एक प्रश्न राहतोच. पत्र्याखालच्या एका कुटुंबाच्या एका दिवसाची किंमत कुणी, कुठे, कागदावर मांडली होती का? किंमत मांडली नाही तर दंडही ठरत नाही आणि बोनसही ठरत नाही.

मग आपल्याकडे सरसकट बोनस लावा, असे म्हणायचे का? मुळीच नाही. बोनसला तीन वाटांनी कीड लागते. पहिली म्हणजे मुदतच फुगवून लिहायची. चौदा महिन्यांच्या कामाला चोवीस महिने लिहिले की वीस महिन्यांत आळसटून काम करणारा बोनसचा धनी होतो. याला उपाय निविदेतच आहे: किती रुपयांत करणार याच्याबरोबर किती दिवसांत करणार हेही गुत्तेदारालाच लिहायला लावा आणि दोन्हींचा मिळून कस लावा. दुसरी वाट म्हणजे निरुपयोगी घाई. वर्ग जुलै-ऑगस्टात भरणार असतील तर वसतिगृह फेब्रुवारीत मिळून उपयोग काय? त्या बोनसने फक्त कुलपाची सोय होते. आधी मिळण्याला जिथे मोल आहे तिथेच बोनस असावा, आणि विद्यापीठाच्या कामांत अशी जागा आम्हाला तर बियाणे आणि प्रयोगशाळा याखेरीज फारशी दिसत नाही.

तिसरी वाट सगळ्यात वाईट. काँक्रीटला भिजत राहायला दिवस लागतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये माणसांना टँकर पुरत नाही, तिथे स्लॅबला पाणी कोण मारतो? बोनसच्या ओढीने साचे लवकर काढले की इमारत वेळेआधी उभी राहते आणि वेळेआधी गळायलाही लागते. मालदांडीला जे एकशेवीस दिवस लागतात ते लागतातच. दाण्याला बोनस कबूल केला म्हणून ती नव्वद दिवसांत पिकत नाही. तेव्हा बोनस द्यायचाच तर निम्मा हातात आणि निम्मा दोन पावसाळे निघाल्यावर, गळती लागली नाही हे बघून.

इथवर गुत्तेदाराचे झाले. पण उशीर नेहमी त्याचाच असतो असे मानणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे आठवा. २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हाचा खर्च साडेतीनशे कोटींच्या आसपास धरलेला. बीडला गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, तीस वर्षांनी, आणि परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकीच होता. मधल्या काळात खर्चाचा अंदाज चार हजार कोटींच्या वर गेला. या तीस वर्षांचा दंड कुठल्या गुत्तेदाराला लावणार? केंद्राने पैसे द्यायचे, राज्याने निम्मा वाटा उचलायचा, जमीन ताब्यात घ्यायची, हे सगळे रखडले. सरकारच्या उशिराला कलम नाही. २०२५ मध्ये राज्यातले कंत्राटदार हजारो कोटींची बिले थकली म्हणून रस्त्यावर आले. चुकारे थकल्यावर काय होते ते आपल्याइतके कुणाला ठाऊक? म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: दंड दुतर्फा हवा. जागा मोकळी करून द्यायला, नकाशे द्यायला, बिल चुकते करायला विद्यापीठाने उशीर केला तर त्या दिवसांचे व्याज विद्यापीठाने द्यावे. एकाच अंगाने बांधलेला कासरा बैलाला सरळ चालवत नाही.

एकतर्फी आणि मर्जीवर माफ होणाऱ्या दंडाचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. करार वाचून, दंड खरोखर लागेल असे समजून जो गुत्तेदार निविदा भरतो, तो त्या धोक्याचे चार पैसे दरात धरतो. ज्याला आतून ठाऊक असते की मुदतवाढ मिळेल, दंड माफ होईल, शिवाय दोष आपला नाही असे कागदावर आणून भाववाढीचा फरकही काढता येईल, तो दर पाडून भरतो. काम त्यालाच मिळते. म्हणजे माफ होणारा दंड नुसता निरुपयोगी नसतो, तो प्रामाणिक माणसाला बाजारातून हुसकावून लावतो.

कायद्याचेही थोडे बोलू. करार कायदा १८७२ चा. त्याचे ७४ वे कलम सांगते की करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही. तो आकडा म्हणजे वरची मर्यादा, त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल ती मिळते. ५५ वे कलम सांगते की उशिराचे काम निमूटपणे पत्करले आणि त्याच वेळी भरपाई मागणार असे कळवले नाही, तर नंतर मागता येत नाही. याला जोड म्हणून नाशिकचा एक खटला ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९५५ साली नाशिकच्या डाव्या कालव्यावर, आळंदी नदीवरून पाणी नेणाऱ्या जलसेतूचे सुमारे १ लाख ७ हजारांचे काम हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्सना दिले होते. मुदत बारा महिने. काम संपले नाही म्हणून सरकारने ऑगस्ट १९५६ मध्ये करारच मोडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७९ मध्ये निकाल गुत्तेदाराच्या बाजूने लागला. न्यायालय म्हणाले, ज्या करारात उशिराला रोजचा दंड आणि मुदतवाढ या दोन्ही सोयी आहेत, तिथे वेळ हाच कराराचा प्राण आहे असे म्हणता येत नाही. करार मोडायचा होता तर आधी लेखी नोटीस देऊन नवी वाजवी मुदत ठरवून द्यायला हवी होती. एका वर्षाच्या कामाचा वाद तेवीस वर्षे चालला.

यातून विद्यापीठांनी घ्यायचा बोध कारकुनी आहे, पण मोलाचा आहे. नोटीस वेळेवर, लेखी, नव्या तारखेसह. नुकसानीची नोंद त्याच वेळी: किती पोरे बाहेर राहिली, किती क्विंटल बी प्रक्रियेवाचून पडले, किती नमुने तपासायचे राहिले. ही नोंद नसेल तर न्यायालयात दंड टिकत नाही, आणि टिकणार नाही म्हणून अभियंता तो लावत नाही, आणि लावत नाही म्हणून नोंद ठेवायची गरज कुणाला वाटत नाही. चाक असे फिरत राहते. ते बाहेरून कुणीतरी अडवल्याशिवाय थांबणार नाही, आणि बाहेरचे म्हणजे आपणच.

तेव्हा या मेळाव्यात ठराव करायचा तो ‘गुत्तेदारांवर कारवाई करा’ असा मोघम करू नये. तसल्या ठरावांना कुलगुरूंच्या टेबलावर पेपरवेट मिळतो, उत्तर मिळत नाही. ठरावात हंगामाच्या दोन तारखा लिहाव्यात, दंडाची किमान रक्कम लिहावी, दंड विद्यार्थ्यांना आणि बियाणे घेणाऱ्यांना कसा पोचेल ते लिहावे, आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या उशिराचे व्याज लिहावे. प्रत्येक मोठ्या कामाच्या जागी काम कधी सुरू झाले, कधी संपायचे, मुदतवाढ कितीदा मिळाली आणि दंड किती कापला, एवढ्या चार ओळींचा फलक लावा, हेही त्यात असावे.

ठरावाबरोबर माहितीचे अर्ज जावेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे आणि माहिती अधिकाऱ्याने विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, असा दंड आयोग त्याच्या पगारातून कापायला लावू शकतो. शंभर दिवसांनी तिथेही उशीर फुकट होतो, पण निदान रोजचा दर ठरलेला आहे. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. म्हणून एका इमारतीला एक अर्ज. मागायचे ते कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे सर्व आदेश कारणांसह, दुसऱ्या कलमाखाली ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष कापलेल्या रकमा, भाववाढीपोटी दिलेल्या रकमा, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. अर्ज विद्यापीठाच्या अभियंता कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. काम बांधकाम खात्यामार्फत चालले असेल तर त्या विभागाच्या. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी तिथे शिकते, त्यांनी पहिला अर्ज आपल्या नावाने करावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. बाकीच्यांनी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट बरोबर आणावे. अर्ज मंडपातच लिहून घेऊ.